ते तुम्ही बघा

सॉफ्टवेअर बाहेरून करून घेणारा फाउंडर ओळखायला सोपा असतो. पहिल्या भेटीत तो आयडिया सांगत नाही. आधी एनडीए पुढे सरकवतो. आमची कंपनी कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्स, शेजारी दातांचा दवाखाना. जेमतेम डझनभर माणसं. तिथे वर्षभरात असे बरेच येऊन जातात. सही झाली की हा खुर्ची पुढे ओढतो, दार लागलंय ना हे मान वळवून बघतो आणि आवाज खाली आणून सांगतो, की नोकरीसाठी घराबाहेर राहणाऱ्या मुलांना घरचं जेवण हवं असतं.

हे गुपित सदाशिव पेठेतल्या खाणावळवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण आम्ही सही केलेली असते. गप्प बसतो.

या जातीत डॉक्टर असतात, बिल्डरची मुलं असतात, न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर ‘आपल्या मातीसाठी काहीतरी’ करू पाहणारे असतात. पण अस्सल नग पाहायचा तर परचेसमधून आलेला पाहावा. पुण्यात ही पैदास मुबलक. एका अंगाला चाकण-भोसरी, दुसऱ्या अंगाला हिंजवडी. अलीकडचा माणूस चाळिशीला आला की त्याला पलीकडचं वारं लागतं. मी ज्यांच्याबद्दल सांगतोय ते साहेब (आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो, कार्डावर ‘फाउंडर अँड सीईओ’ होतं, आणि कार्ड कंपनी रजिस्टर होण्याच्या आधी छापलेलं होतं) चाकणच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं परचेस सांभाळून बाहेर पडलेले. व्हेंडरच्या कोटेशनमधून शेवटचे दोन टक्के कसे काढायचे, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

‘पर स्क्रीन काय रेट?’ हा त्यांचा आम्हाला पहिला प्रश्न.

स्क्रीनवर रेट नसतो, असं मी सांगितलं. ही घासाघिशीतली माझी पहिली चाल आहे, असं त्यांनी धरलं आणि मनातल्या मनात मला दोन मार्क दिले. खिशातून कागद काढला. त्यावर पट्टी धरून पेन्सिलीने स्क्रीन आखलेल्या होत्या. बावीस. ‘लॉगिन तर तुमच्याकडे तयारच असेल. त्याचे काय पैसे? एकवीस धरा.’ मग चष्मा कपाळावर चढवून, ‘चालू ऑर्डर आणि जुनी ऑर्डर, दिसायला सारख्याच आहेत ना? एका डायमधून निघतील. वीस.’ त्या बैठकीत ते सतरापर्यंत आले. चहा आला म्हणून थांबले.

गंमत अशी, की या माणसाने जन्मात कधी ड्रॉइंगशिवाय पीओ काढली नव्हती. बोअरचा व्यास किती, टॉलरन्स किती, मटेरियल कुठलं, सगळं कागदावर. माल जरा इकडचा तिकडे आला की अख्खा लॉट परत. असा माणूस समोर बसलेला म्हणून मी मोठ्या आशेने विचारलं, ‘साहेब, ड्रॉइंग?’

‘झोमॅटो बघा,’ ते म्हणाले. ‘तसंच. फक्त साधं.’

साहेबांनी अभ्यास मात्र केलेला असायचा. कमी रेटसाठी मला तयार करताना त्यांनी स्काइपचा दाखला दिला. ‘त्यांनीसुद्धा बाहेरूनच करून घेतलं होतं.’ अर्धं खरं आहे. २००३ मध्ये स्काइप काढलं निकलस सेनस्ट्रॉम या स्वीडिश आणि यानुस फ्रीस या डॅनिश माणसाने. कोड लिहिला एस्टोनियातल्या पोरांनी. पण त्या पोरांचा धंद्यात हिस्सा होता. २००५ मध्ये ईबेने स्काइप २.६ अब्ज डॉलरला घेतलं, तेव्हा त्यांच्याही वाट्याला इतकं आलं की पुढे ते स्वतःच दुसऱ्यांच्या धंद्यात पैसे गुंतवू लागले. हे मी साहेबांना सांगायला नको होतं. त्यांचा चेहरा उजळला. ‘मग तुम्हालाही हिस्सा देतो की! रेट खाली आणा.’ हिस्सा कशात, असं विचारलं तर म्हणाले, कंपनीत. कंपनी तेव्हा सीएकडे होती, नावाच्या मंजुरीसाठी.

आमच्याकडे पगार एक तारखेला होतात आणि ते रुपयांतच लागतात, असं नम्रपणे सांगून मी ३०-४०-३० वर सौदा मिटवला. सुरुवातीला तीस टक्के, डेमोला चाळीस, काम संपल्यावर तीस.

काम दिलं आमच्या लातूरच्या पोराला. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याचं भलं झालंय. इंजिनिअरिंगची चार वर्षं नऱ्ह्याला खोली घेऊन मेसवर जेवलेला. कामाला बसण्यापूर्वी त्याने शंकांची यादी केली आणि साहेबांच्या पुढच्या भेटीत वही उघडून बसला.

‘सर, खाडा टाकला तर?’

मेसवर जेवलेल्यांना खाडा सांगायला नको. साहेब घरी जेवलेले. त्यांना समजावून सांगावं लागलं. मग पोराने खरा प्रश्न विचारला. सकाळी नऊला ग्राहकाने कळवलं, आज डबा नको. तोवर डबा करणाऱ्या काकूंनी कणीक भिजवलेली आहे, भाजी चिरलेली आहे. पैसे कुणाचे गेले?

‘ते तुम्ही बघा.’

‘अर्धा डबा म्हणजे पोळ्या निम्म्या, का भाजी पण निम्मी?’

‘ते तुम्ही बघा ना.’

‘काकू आजारी पडल्या, डबा आलाच नाही. पैसे परत द्यायचे का दुसऱ्या काकूंकडून डबा पाठवायचा? दुसऱ्या काकूंचा रेट जास्ती असला तर वरचे कोण देणार?’

‘इंडस्ट्रीत जे करतात ते करा.’

‘सर, इंडस्ट्रीत वहीत लिहून ठेवतात आणि महिन्याच्या शेवटी भांडतात.’

साहेब प्रेमाने हसले. ‘अरे बाळा, तू इंजिनिअर ना? मग हे सगळं मी सांगायचं तर तू काय करणार?’

या वाक्यात तो सबंध फाउंडर आला. कोड लिहायला माणूस बाहेरचा मिळतो. आपल्या धंद्यात तोटा झाला तर तो कुणी सोसायचा, हे ठरवायला बाहेरचा माणूस आणून कसं चालेल? पण साहेबांच्या हिशेबी तेही सतरा स्क्रीनमध्ये धरलेलं होतं. नऊला फोन आला तर काय आणि आदल्या रात्री आला तर काय, हे कॉम्प्युटरला आधी सांगून ठेवावं लागतं. त्याला ‘बघू’ चालत नाही, ‘माणूस बघून ठरवा’ चालत नाही, आणि महिन्याच्या शेवटी भांडता तर मुळीच येत नाही. साहेब बघत नाहीत म्हटल्यावर कुणीतरी बघावंच लागतं. ते रात्री साडेअकराला, हेडफोन लावून, नऱ्ह्याच्या अनुभवावर लातूरच्या पोराने बघितलं.

‘मग मीच ठरवलो, सर,’ त्याने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. ‘आमच्या मेसच्या काकू रात्री आठला वही बंद करायच्या. आठच्या आत खाडा टाकला तर पूर्ण पैसे माघारी. आठनंतर टाकला तर निम्मे काकूंना. कणीक भिजवलेली असतेय ना.’

तो नियम चार ओळींच्या एका इफमध्ये जाऊन बसला. साहेबांनी ते कधी वाचलं नाही. पुढे कोथरूडच्या एका हॉलमध्ये त्यांनी डबे देणाऱ्या काकूंची सभा घेतली, तिथे एक काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाकी सगळीकडे खाडा आमच्याच बोकांडी बसतो. तुम्ही आमच्या कणकेचा विचार केलात.’ साहेब क्षणभर गोंधळले. मग त्यांनी हात जोडले. पुढच्या महिन्यातल्या इन्व्हेस्टर मीटमध्ये त्यांच्या प्रेझेंटेशनला एक नवी स्लाइड होती: ‘आमचं किचन-फर्स्ट धोरण’. स्लाइड पुढे सरकवायला लॅपटॉपशी बसलेला माणूस म्हणजे आमचा लातूरचा पोरगाच. तो स्लाइडकडे असा बघत होता, जसं कुणी आपली हरवलेली छत्री दुसऱ्याच्या हातात बघतं.

बदलांबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर संपणार नाही. साहेब एका सेमिनारला जाऊन ‘ॲजाइल’ हा शब्द घेऊन आले होते. २००१ मध्ये अमेरिकेत, युटामधल्या एका स्की रिसॉर्टवर सतरा जणांनी बसून त्याचा जाहीरनामा केला. उशिरा सुचलेल्या बदलाचंही स्वागत करावं, असं एक तत्त्व त्यात आहे. तेवढं साहेबांनी उचललं. धंदा चालवणाऱ्याने रोज कोडवाल्यांबरोबर काम करावं, हे तत्त्वही त्याच यादीत आहे. तिथवर सेमिनारमध्ये जेवणाची सुट्टी झाली असावी. रात्री व्हॉट्सॲपवर ‘छोटासा चेंज’ यायचा. सगळ्यात छोटा होता संकष्टीचा: त्या रात्रीचा डबा चंद्रोदयानंतरच पोचला पाहिजे. चंद्रोदयाची वेळ कुठून घ्यायची, असं पोराने विचारलं.

‘कालनिर्णयमध्ये असते की.’

‘सर, ती गावागणिक वेगळी असते. नागपुरात चंद्र आधी उगवतो.’

‘नागपूर फेज टू,’ साहेबांनी निकाल दिला.

साहजिकच उशीर झाला. साहेब रागावले नाहीत. परचेसवाला रागावत नाही, तो कपॅसिटी वाढवायला सांगतो. ‘आणखी दोन पोरं लावा. चाकणला डिलिव्हरी अडकली की आम्ही तिसरी शिफ्ट लावतो.’ आयबीएमच्या ओएस/३६० चा गाडा हाकलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून सांगितलं, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. साहेबांना हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि सोमवारी आपल्या भाच्याला पाठवून दिलं. भाचा बीकॉम, एक्सेलमध्ये तरबेज, स्वभावाने गोड. दोन दिवस पोराच्या शेजारी बसून त्याने बारीक बारीक शंका विचारल्या. काम बरोबर दोन दिवस मागे पडलं. पुस्तकाचा असा चोख प्रयोग मी पाहिला नव्हता.

आता करारनामा. तो साहेबांच्या मामांनी केला होता. मामा वकील, जमिनीच्या दाव्यांतले नाणावलेले. करारात ‘सदर मिळकतीच्या चतुःसीमा’ असा मथळा राहून गेला होता आणि खाली पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस चारही ठिकाणी ‘लागू नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. नेमकं जे हवं होतं तेवढं नव्हतं. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे दहावीला मराठीत काठावर सुटलेला आमचा पोरगा कायद्याने साहित्यिक, आणि तो आमच्या पगारावर असल्यामुळे त्याच्या साहित्याची पहिली मालक आमची कंपनी. साहेबांनी पैसे मोजले म्हणून कोड साहेबांचा होत नाही. हक्क लेखी सोपवून घ्यावे लागतात. सोपवताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

हे मी मामांना सांगितलं आणि तसं कलम लिहूनही दिलं. मामांनी ते दोनदा वाचलं, साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मामांकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत एकाही व्हेंडरने स्वतःहून साहेबांच्या फायद्याचं काही सुचवलं नव्हतं. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. ‘हे राहू दे,’ मामा म्हणाले. तसंच, आमची माणसं साहेबांनी परस्पर नोकरीला घेऊ नयेत, असंही मी एक कलम घातलं होतं. तेही मामांनी हातासरशी खोडलं.

उद्घाटन गुढीपाडव्याला ठरलं होतं. झालं अक्षय्य तृतीयेला. साहेबांच्या आईंनी पहिला डबा मागवायचा, असा बेत. त्यांनी नंबर टाकला आणि सगळे ओटीपीची वाट बघत उभे. ओटीपी येईना. ट्रायच्या नियमाप्रमाणे असा मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला आपलं नाव आणि मेसेजचा साचा डीएलटी पोर्टलवर नोंदवावा लागतो. २०२१ पासून नोंद नसलेला मेसेज वाटेतच अडवतात. नोंदणीला कंपनीची कागदपत्रं हवीत म्हणून आम्ही चारदा मेल केले होते. साहेबांनी ते सीएला पुढे पाठवले होते. वर लिहिलं होतं, ‘प्लीज डू द नीडफुल’. सीएला वाटलं, माहितीसाठी आलंय.

‘ओटीपी तुम्हीच पाठवायचा ना पण?’ साहेब माझ्या कानाशी म्हणाले.

शेवटी पोराने मागच्या बाजूने आईंचा नंबर मंजूर करून टाकला आणि पहिला डबा निघाला. आईंनी मोबाइल लांब धरून ॲपचं पान वाचलं. त्यावर आमच्या कंपनीचं नाव होतं. गूगलकडे डेव्हलपर म्हणून नोंदवायचे एकदाच २५ डॉलर आणि ॲपलकडे वर्षाला ९९, हे ऐकल्यावर साहेबांनीच फर्मावलं होतं, ‘तुमच्याच अकाउंटवर टाका.’ आईंनी एवढंच विचारलं, ‘तू यांच्याकडे नोकरीला लागलास का रे?’

धंदा मात्र चालला. हे कबूल केलं पाहिजे. काकूंना कसं सांभाळायचं, कुणाला तेलाचे डबे घाऊक भावात आणून द्यायचे, कुणाच्या मिस्टरांशी क्रिकेटवर बोलायचं, डबे पोचवणाऱ्या पोरांना पावसाळ्यात रेनकोट कुठून स्वस्तात मिळतील, यात साहेबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी हात घातला नाही तो फक्त ॲपच्या आतल्या भागात, जिथे त्यांच्याच धंद्याचे कायदे लिहिलेले होते.

तिथे पहिला डोकावला तो बंगळुरूचा माणूस. साहेबांना पैसे देऊ पाहणाऱ्यांनी कोड तपासायला त्याला पाठवला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन. ‘व्हॉट इज खाडा?’ पोराने सगळी नावं आपल्याला सुचतील तशी दिली होती: खाडा_टाकला, अर्धी_पोळी, चंद्र_उगवला, आणि काकूंनी ऐनवेळी डबा नाकारला तर काकू_रुसली. त्या गृहस्थाला मी धीर दिला. उबरचाही सुरुवातीचा कोड बाहेरून लिहून घेतलेला होता, तो स्पॅनिशमध्ये. २०१० च्या सुमारास रुजू झालेल्या एका इंजिनिअरला पहिल्याच दिवशी टेबलावर स्पॅनिश शब्दकोश ठेवलेला मिळाला, असं त्या कंपनीतलेच लोक सांगतात. आमच्या पोराने रातोरात एक मराठी-इंग्रजी कोश करून पाठवला. त्यात ‘रुसणे’ला सहा ओळी लागल्या.

तपासणीचा निष्कर्ष दोन मुद्द्यांचा निघाला. एक, कोड या कंपनीच्या मालकीचा नाही. दोन, हा धंदा कसा चालतो हे जगात फक्त एका माणसाला माहीत आहे आणि तोही या कंपनीत नाही.

पहिल्या मुद्द्यासाठी मामा स्वतः कर्वेनगरचे दोन जिने चढून आले. मी पूर्वी लिहून दिलेलंच कलम त्यांनी स्टॅम्पपेपरवर टाइप करून आणलं होतं, आणि सोबत आमच्या अडलेल्या तीस टक्क्यांचा चेक. मी सही केली. चतुःसीमा यावेळी काढल्या होत्या.

दुसऱ्या मुद्द्यासाठी पोरगा माझ्या केबिनमध्ये आला. ‘सर, ते मला सीटीओ करतो म्हनलेत. जाऊ का?’ माणूस पळवू नये हे कलम मामांनी आधीच खोडून ठेवलेलं. आणि नसतं खोडलं तरी मी जाच म्हटलं असतं. हिस्साही देत होते, आणि आता कंपनीही होती.

या दिवाळीनंतर त्यांची फेज टू निघाली. नागपूर धरून. काम पुन्हा बाहेर द्यायचं ठरलं आणि सीटीओंनी आमच्याकडेच पाठवलं. सोबत चाळीस पानांचं टिपण. खाडा किती वाजेपर्यंत, नागपूरच्या काकूंची वही किती वाजता बंद होते, अर्ध्या डब्यात वरणाची वाटी किती, चंद्रोदय कुठल्या पंचांगाप्रमाणे, आणि रूममेटने डबा परस्पर खाल्ला तर तक्रार घ्यायची नाही, अशी सगळी सोय केलेली. एवढं नेटकं ड्रॉइंग आमच्या कंपनीत आजवर कुणी आणलं नव्हतं. मी कोटेशन द्यायला अर्धा तास घेतला.

साहेब मीटिंगला आले. सीटीओ शेजारी बसले. साहेबांनी चाळीस पानं अंगठ्याने सर्रकन उलटली, चष्मा कपाळावर चढवला.

‘हे सगळं आम्हीच ठरवून द्यायचं,’ ते म्हणाले, ‘तर मग तुम्ही पैसे कशाचे घेणार?’

सीटीओ टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

‘आणि लॉगिन यात नाहीये, बघा. ते झालेलं आहे. धरू नका.’